अर्धा डबा पाणी

युतानिनो गावाहून खाली हमरस्त्याला जाणारा आमचा सिमेंटचा रस्ता पावणेदोन किलोमीटरचा आहे. त्यातले सात पट्टे मी बिघडवले. इतर पट्ट्यांचं जे काही झालं त्याची कारणं वेगळी आहेत आणि तीही मी सांगणार आहे, कारण दुसऱ्यांच्या चुका सांगायला मला मनापासून आवडतं. पण ते सात माझे.

रस्ता गावानं हातानं बांधला. सरकारनं सिमेंट, खडी आणि चार मिक्सर पाठवले, मजुरी आमची. गावकीच्या बिनपगारी कामाला आमच्याकडे तेकिओ म्हणतात. शाळा तेकिओतून झाली, पाण्याची टाकी तेकिओतून झाली. जो तेकिओ चुकवतो तो हळूहळू गावातून पुसला जातो. सभेत त्याला बोलू देत नाहीत, त्याच्या घरात कुणी मेलं तर खड्डा खणायला कुणी येत नाही. साठी उलटली की माणूस यातून सुटतो आणि म्हातारे मोठ्या आनंदानं सुटतात. फक्त माझे वडील सुटायला तयार नव्हते.

ताता आबुंदिओंना तेव्हा एकाहत्तरावं चालू होतं. अठराव्या वर्षापासून त्यांचा एकही तेकिओ चुकला नव्हता. तीन वर्षांपूर्वी खेचरावरून पडून डावा खांदा गेला होता, तो हात कानाच्या वर जात नव्हता. मी म्हटलं, "ताता, मी रस्ता समितीवर आहे, आपल्या घराची हजेरी लागते. तुम्ही घरी थांबा."

"समितीवर तू बसतेस," ते म्हणाले. "बसणं म्हणजे बसणं. तेकिओ म्हणजे फावडं."

ऐंशी घरं, प्रत्येक घराला तीन-तीन मीटरचे सात पट्टे. माल कालवण्याची जबाबदारी सभेनं ओदिलोन गवंड्यावर टाकली आणि पाण्याची माझ्यावर. मी गावची गिरणीवाली. चुन्यात शिजवलेला मका दळताना पाणी किती घालायचं हे माझ्या बोटांना कळतं, म्हणून पाण्याच्या पिंपाशी मला बसवलं. शिवाय माझ्याशी वाद घालायला गावात कुणी धजत नाही, हेही एक कारण असावं.

ओदिलोन माझ्या मुलीचा धर्मपिता. त्यामुळे तो माझा कोंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. लहानपणी आम्ही एकमेकांना दगड मारलेत, पण मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आमच्यातलं 'तू' संपलं आणि 'तुम्ही' सुरू झालं. ते नातं असंच असतं, त्यात खोटं बोलायचं नसतं.

रोज सकाळी तो मिक्सरपाशी उभा राहून तेच तेच सांगायचा. "एका पोत्याला दीड डबा पाणी. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जास्त कधीच नाही. माल कडक वाटेल, वाटू दे. घाम गाळा, पाणी नका गाळू." बायका त्याची नक्कल करायच्या. क्रेसेन्सिया मावशी तर सांजा ढवळतानाही "घाम गाळा" म्हणायची.

आमची पाळी मार्चमध्ये आली. कोरडा वारा, डोक्यावर ऊन, डोळ्यांत धूळ. मिक्सरनं पहिली घाणी, म्हणजे एका पोत्याचा माल, ओतली. दीड डब्याचा माल ढिगासारखा जागच्या जागी बसतो. तो फावड्यानं ओढायचा, कोपऱ्यात दाबायचा, मग फळीनं सारखा करायचा. तातांनी फावडं खुपसलं. ढीग हलला नाही. त्यांनी पाय रोवले, पुन्हा खुपसलं. मूठभर माल निघाला. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. क्रेसेन्सियाचे दोघे मुलगे घमेली घेऊन बाजूला उभे होते. ते खाली बघायला लागले.

त्या मुलांनी फावडं घ्यायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे तेकिओत दुसऱ्याच्या हातातलं फावडं काढून घेत नाहीत. ते तोंडात मारल्यासारखं होतं. ज्याचा पट्टा, त्याचं फावडं.

दुसऱ्या घाणीच्या वेळी ओदिलोन वरच्या मिक्सरकडे गेला होता. मी दीड डबा ओतला. मग पिंपातून आणखी अर्धा घेतला आणि तोही ओतला. फार विचार वगैरे केला नाही. दात नसलेल्या म्हाताऱ्यासाठी पीठ जरा सैल करतात, हात तसाच आपोआप गेला.

माल घळघळत आला आणि फावड्यापुढं पसरत गेला. ताता थांबले, त्यांनी कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून हसले. "बघ," म्हणाले, "सुरुवातीला अंग आखडलेलं असतं. आता सापडला हात."

मला त्या क्षणी फार बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. पुढं मला जी लाज वाटली ती पाण्यापेक्षा या बरं वाटण्याचीच जास्त आहे. सात पट्टे म्हणजे बेचाळीस पोती. पहिलं सोडून एक्केचाळीस वेळा मी तो अर्धा डबा ओतला. क्रेसेन्सियाच्या मुलांनी बघितलं की नाही ठाऊक नाही. विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

दुपार कलल्यावर ओदिलोन खाली आला. पट्ट्यांवर पाणी तरंगत होतं, त्यात आभाळ दिसत होतं. त्यानं वाकून बोट बुडवलं.

"कोमाद्रे, डबे किती?"

"दीड."

"वाळू ओली होती का?"

"जराशी होती बहुतेक," मी म्हणाले. मार्च महिना होता, वाळू चुलीतल्या राखेसारखी कोरडी होती आणि ती त्यानंच सकाळी चाळून घेतली होती.  शेवटच्या पट्ट्यावर ताता गुडघ्यावर बसून खिळ्यानं स्वतःचं नाव कोरत होते. प्रत्येक घर आपलं नाव कोरायचं. ओदिलोननं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात झटकून तो वर गेला.

पहिल्या पावसापर्यंत सगळा रस्ता गावाला प्यारा होता. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर लोक त्यावर नुसते चालायला जायचे. मग एकेकाचं पितळ उघडं पडायला लागलं. एलेउतेरिओच्या पट्ट्यावर आडवी भेग गेली, कारण सिमेंट वाळताना मधेच फाटू नये म्हणून ज्या दिवशी सांधा कापतात त्या दिवशी तो साडूच्या लग्नाला गेला होता आणि सांधा दुसऱ्या दिवशी कापला. सिमेंट काही लग्न संपायची वाट बघत नाही, ते आपल्याला हवं तिथं फाटलं. तेलेस्फोरोच्या पट्ट्यांचा कोपरा खचला. त्यानं गटाराच्या तोंडाशी डुकरांचं कुंपण घातलं होतं, पाणी तुंबून पट्ट्याखाली शिरलं आणि प्रत्येक ट्रक जाताना खालून चिखल पिचकारीसारखा उडायचा. क्रेसेन्सियाच्या पट्ट्यांवर शेळ्यांची खुरं उमटलीत, पण पट्टे मात्र दगडासारखे आहेत. त्या बाईनं सात दिवस गोणपाटं ओली ठेवली होती. स्वतःची अंघोळ तिनं तेव्हा केली की नाही, शंका आहे.

आमच्या सात पट्ट्यांना आधी धूळ सुटायला लागली. पांढरी, बारीक भुकटी. झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग वरचे पापुद्रे उडाले आणि खालची खडी दिसायला लागली. मग बारीक भेगांचं जाळं पडलं. वर्षभरात चौथ्या पट्ट्यात एवढा खड्डा झाला की प्रवासी गाडीचा ड्रायव्हर तिथं आला की ओरडायचा, "टोप्या धरा!" ताता गाडीत असले की काहीच बोलायचे नाहीत. आणि मी, जिला प्रत्येक गोष्टीवर काही ना काही बोलल्याशिवाय राहवत नाही, मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात शहरातून इंजिनिअर बाई आली. दिवसभर रस्त्यावरून पायी फिरली, अर्धं गाव तिच्यामागं. हातोडीनं ठोकायची आणि आवाज ऐकायची. एलेउतेरिओच्या भेगेपाशी तिनं विचारलं, "सांधा कधी कापला?" तो म्हणाला, "वेळेवर." ती म्हणाली, "कुणाच्या वेळेवर?" लोक खो खो हसले. तेलेस्फोरोला तिनं डुकरं हलवायला सांगितली.

आमच्या पट्ट्यांवर ती जास्त वेळ थांबली. यंत्रानं एक गोल तुकडा काढला, उन्हात धरला, अंगठ्याच्या नखानं खरवडला. नखानं सिमेंट निघालं.

"याचं काय झालं?" सभेच्या अध्यक्षानं, मेलितोननं, विचारलं.

"बारीक बारीक भोकं दिसतात? जास्तीचं पाणी उडून गेलं की त्याची जागा पोकळ राहते. पाणी जास्त झालंय, किंवा सिमेंट कमी पडलंय. नुसतं बघून दोन्हीतला फरक सांगता येत नाही. तुकडा प्रयोगशाळेत न्यावा लागेल, महिना-दीड महिना जाईल."

ती गाडीत बसून गेली. गाव काही दीड महिना थांबणार नव्हतं. पुढच्याच रविवारी सभेत कुणीतरी मागून म्हणालं, "सिमेंट कमी पडलं. बरं, मग ते गेलं कुठं?" आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "ओदिलोनच्या स्वयंपाकघरात नवी फरशी कधी झाली? पट्टे घातले त्याच्या पुढच्याच महिन्यात ना?"

झाली होती. त्याच्या मेव्हण्यानं उत्तरेतून, सरहद्दीपलीकडच्या नोकरीतून, पैसे पाठवले होते आणि सिमेंट त्यानं बाजारातून आणलं होतं, ते गाडीतून उतरवताना मी स्वतः बघितलं होतं. पण सभेला एकदा वास लागला की ती शांत बसत नाही.

"ओदिलोन, तू बोल," मेलितोन म्हणाला.

ओदिलोन उभा राहिला. टोपी काढली. दहा-बारा पावलांवर बायकांच्या बाकावर मी होते आणि पुढच्या रांगेत ताता. ताता त्याच्याकडे टक लावून बघत होते, कारण त्यांचेही पट्टे बिघडले होते आणि त्यांनाही कारण हवं होतं.

"सिमेंट मी घेतलं नाही," ओदिलोन म्हणाला. "माल कालवायची जबाबदारी माझी होती. ती मी नाकारत नाही."

"मग पाणी जास्त झालं का? पाण्यावर कोण होतं?"

"पाणी दीड डबा होतं," तो म्हणाला. "मी विचारून घेतलं होतं."

माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.  उभं राहायला एक क्षण पुरला असता. पण उभं राहून काय सांगणार होते? पाणी का वाढवलं, हा पुढचाच प्रश्न. आणि त्याचं उत्तर पुढच्या रांगेत बसलं होतं, गुडघ्यावर टोपी ठेवून. ऐंशी घरांसमोर मी म्हणणार होते की माझ्या बापाच्यानं फावडं हलत नव्हतं? मी बसून राहिले. सभेनं ठरवलं की सात पट्टे ओदिलोननं एकट्यानं फोडायचे आणि एकट्यानं पुन्हा घालायचे, आणि गावकीच्या कुठल्याही कामात त्याला पुन्हा माल कालवू द्यायचा नाही. गवंड्याला असं सांगणं म्हणजे त्याचे हात कापणंच. ताताही हात वर करून हो म्हणाले.

सोमवारपासून घणाचा आवाज सुरू झाला. गिरणी रस्त्यापासून लांब नाही. सकाळी बायका दळायला यायच्या आणि म्हणायच्या, "फोडतोय बघा चोर." त्यांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून मी गिरणीचा पट्टा चालू करायचे. घणाचा आवाज मात्र गिरणीतही यायचा. तो खरंच येत होता की मला नुसताच ऐकू येत होता, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी मी घेवड्याची उसळ आणि मक्याच्या तोर्तिया फडक्यात बांधून त्याच्याकडे गेले. त्याची बोटं फुटली होती. त्यानं जेवण घेतलं, दगडावर बसून खाल्लं.

"कोंपाद्रे, तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"काय?"

"पाण्याचं."

त्यानं तोर्तियाचा तुकडा चावून संपवला. "मी विचारलं. तुम्ही दीड म्हणालात. मी सभेत तेच सांगितलं."

"पण बोट बुडवलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

"हो. कळलं, आणि तरी मी पट्टे तसेच राहू दिले. तेव्हाच उकरायला पाहिजे होते. पण ताता नाव कोरत बसले होते." त्यानं फडकं घडी करून मला परत दिलं. "म्हणून मी फोडतोय, कोमाद्रे. तुमच्यासाठी नाही. उसळ छान होती."

घरी येताना मला रडू आलं आणि रागही आला. राग त्याचा आला, की इतका सरळ माणूस गावात असावाच कशाला. रविवारपर्यंत मी रोज ठरवलं आणि रोज मोडलं. शेवटी एक वाट सापडली, आणि ती सापडल्यावर मी स्वतःला हुशार समजले. खरं सांगायचं, पण अर्धंच.

सभेत मी हात वर केला. "ओदिलोननं सिमेंट चोरलं नाही," मी म्हणाले. "पाणी मी वाढवलं. प्रत्येक पोत्याला अर्धा डबा. गिरणी उघडायला उशीर होत होता. माल लवकर पसरावा म्हणून वाढवलं. त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

 मग एलेउतेरिओ म्हणाला, "म्हणजे गिरणीतही हीच पद्धत का? तरीच पीठ पातळ येतं." लोक हसले आणि मी हसणं ऐकून घेतलं. मेलितोननं निकाल फिरवला. ओदिलोन सुटला, मला समितीवरून काढलं, पट्टे घालायची जबाबदारी आमच्या घरावर आली. क्रेसेन्सियाच्या मुलांपैकी थोरला माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो छताकडे बघायला लागला.

ताता सभेतून माझ्याबरोबर आले नाहीत. दुकानातून मेस्काल दारूची बाटली आणि पावांची टोपली घेऊन ते एकटेच ओदिलोनच्या घरी गेले. एखाद्या घराकडून चूक झाली की घरातला मोठा माणूस असा माफी मागायला जातो. संध्याकाळी परत आले आणि चुलीपाशी बसले.

"गिरणीसाठी," ते म्हणाले.

"हो, ताता."

"माझं नाव कोरलंय त्या पट्ट्यावर. आणि तू गिरणीसाठी."  त्या दिवसापासून माझ्या हातची तोर्तिया खायचे, पण मी वाढली की 'देव तुझं भलं करो' म्हणायचे नाहीत. आमच्याकडे ते प्रत्येक घासाला म्हणतात, परक्यालाही म्हणतात. मला वाटलं, ठीक आहे. हे मी सोसेन. बापानं मला लबाड समजावं, स्वतःला थकलेला समजू नये. मला त्यात थोडा मोठेपणाही वाटत होता, हे कबूल करते.

जूनच्या आत पट्टे घालायचे होते. ओदिलोन स्वतःहून आला. "फुकट नाही येत," म्हणाला, "दुपारी उसळ पाहिजे." पाण्याच्या पिंपाशी तो बसला. मिक्सर मी भरणार होते. आणि ताता फावडं घेऊन तयार.

ओदिलोननं माझ्याकडे बघितलं. मी तातांना म्हटलं, "मी पसरते. तुम्ही फळी धरा."

"तू लांब राहा," ते म्हणाले. "हे पट्टे एकदा मी घातलेत. यावेळी त्यात कुणी पाणी ओतणार नाही, एवढंच."

पोतं, वाळू, खडी. ओदिलोननं एक डबा ओतला, मग अर्धा, आणि डबा पालथा घालून त्यावर बसला. मिक्सर फिरला, मी तो कलता केला. माल आला आणि ढीग होऊन बसला.

तातांनी फावडं खुपसलं. ते आत गेलं आणि अडकलं. त्यांनी ओढलं. मग पाय रोवून, उजव्या हातावर सगळा भार घेऊन ओढलं. थोडा माल सुटला. तिसऱ्यांदा ओढताना त्यांच्या तोंडातून आवाज निघाला.

"वाळू जास्त झाली काय रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, ताता," ओदिलोन म्हणाला. "माल असाच असतो."

"गेल्या वेळी असा नव्हता."

 तातांनी आणखी एकदा फावडं मारलं. मग थांबले. फावड्याकडे बघितलं, मालाकडे बघितलं.  मी मिक्सरचं चाक धरून उभी होते.

"गेल्या वेळी पहिली घाणी अशीच होती," ते हळूहळू म्हणाले. "दुसरीपासून हात सापडला." मग माझ्याकडे वळले. "गिरणीचं तू खोटं सांगितलंस."

"हो."

"किती पोत्यांना ओतलंस?"

"पहिलं सोडून सगळ्यांना."

"म्हणजे ते पाण्यानं पसरलं," ते म्हणाले. "मी नाही."

"ताता, तुम्हीच तर पसरलंत, दिवसभर..."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही फावडं दिलं असतं का?"

"नसतं दिलं," ते म्हणाले. "एक पट्टा झाला असता संध्याकाळपर्यंत. कदाचित अर्धा. पण तो टिकला असता, आणि माझा असता."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते माझ्यावर रागावलेच नाहीत. ढीग वाळायला लागला होता. ओदिलोन उठला आणि म्हणाला, "ताता, माल बसतोय." तेव्हा त्यांनी फावडं उभं करून माझ्या हातात दिलं, स्वतःहून, आणि चढावरून गावाकडे चालत गेले. मी आणि ओदिलोननं सातही पट्टे घातले. त्याला तीन दिवस लागले. आम्ही कामापुरतंच बोललो.

वर्ष संपताना सभेत तेकिओची हजेरी वाचून दाखवतात. घर, नाव, किती दिवस, किती चुकले. मेलितोन वाचत वाचत आमच्या घरापर्यंत आला आणि अडखळला.

"आबुंदिओ बाउतिस्ता," त्यानं वाचलं. "चोपन्न वर्षं. चुकलेले दिवस, एक." त्यानं वही डोळ्यांजवळ नेली. "ताता, हा गेल्या वर्षीच्या मार्चमधला दिवस तुम्ही स्वतः येऊन खोडायला लावलात म्हणून खोडलाय. पण तुम्ही तर होतात तिथं. सगळ्यांनी बघितलंय. पुन्हा लावू का?"

ताता उभे राहिले. टोपी त्यांच्या हातात होती. मी बायकांच्या बाकावरून त्यांच्याकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "मी नव्हतो."